धीर देणे आणि भरीस घालणे

मराठीत ‘धीर देणे’ आणि ‘भरीस घालणे’ असे दोन वाक्प्रचार आहेत. बोलताना आपण त्यांची सहसा गल्लत करीत नाही. आजाऱ्याला नातेवाईक धीर देतात. जुगाऱ्याला त्याचे सोबती भरीस घालतात. एकात आधार आहे, दुसऱ्यात डाव आहे. कोशात त्यांची घरे इतकी निराळी असली, तरी प्रत्यक्ष आयुष्यात दोहोंच्या तोंडी पुष्कळदा एकच वाक्य असते : “जा पुढे, काही होत नाही!” हे वाक्य धीराचे की भरीचे, हे ऐकणाऱ्याने कसे ओळखावे? आणि उच्चारणाऱ्याने तरी?

हा प्रश्न घरात असतो, शाळेत असतो, धर्मग्रामाच्या तरुणांच्या मेळाव्यातही असतो. परंतु तेथे तो माया, मान, पैसा, परीक्षा अशा शंभर गोष्टींत मिसळलेला असल्यामुळे नीट दिसत नाही. डोंगरात तो स्वच्छ दिसतो. त्यातही, जेथून एकदा उतरल्यावर परत वर येता येत नाही अशा वाटेवर तो इतका उघडा होऊन समोर येतो, की त्याच्याकडे पाठ फिरवणे शक्य होत नाही. म्हणून या लेखापुरते आम्ही वाचकांना एका घळीत नेणार आहोत.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या जलाशयापलीकडे, रतनगडाच्या शेजारी साम्रद नावाचे लहानसे गाव आहे. गावाबाहेर थोडे चालून गेले, की सपाट दिसणारी जमीन एकाएकी दुभंगते आणि सह्याद्रीच्या काळ्या कातळाला पडलेली एक प्रचंड चीर समोर येते. हीच सांदण दरी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून थिजलेल्या लाव्हारसाचा हा पाषाण. पावसाळ्याच्या पाण्याने तो युगानुयुगे कापत नेला आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेकडो फूट उंच आणि काही ठिकाणी एकमेकींच्या इतक्या जवळ, की मधल्या आकाशाची एक निळी फीत तेवढी उरते. दुपारचा थोडा वेळ सोडला तर तळाला ऊन पोचत नाही. वाट अशी नाहीच. घरांएवढे धोंडे एकमेकांवर रचून पडलेले, त्यांच्यावरून आणि मधून उतरत जायचे. दोन ठिकाणी पाणी आडवे येते. हिवाळ्यात ते कमरेला लागते आणि अंगात कळ उठावी इतके गार असते. मग पायांखालची जमीन संपते. चाळीस-पंचेचाळीस फुटांचा सरळ कडा लागतो. बहुतेक पर्यटक येथून माघारी साम्रदला जातात. ज्यांना पुढे जायचे असते त्यांनी दोरावरून उतरायचे. त्याखाली आणखी लहान कडे आहेत, मग पुन्हा धोंडे, आणि सरतेशेवटी कोकण : ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील डेहणे गाव. पावसाळ्यात ही सबंध घळ ओढा होऊन वाहते, तेव्हा तेथे माणसाचे काही काम नाही.

हौसेखातर जीव असा टांगणीला लावावा काय, हा प्रश्न आमच्या घरांतून हमखास विचारला जातो. जीवन ही देवाची देणगी आहे, ती उधळण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. आणि ते योग्यच आहे. तथापि आम्हांला हा प्रश्न फारसा अवघड वाटत नाही. १८८९ च्या जुलै महिन्यात आकिले रात्ती नावाचे एक तरुण इटालियन धर्मगुरू मोंते रोझा या आल्प्समधील पर्वतावर पूर्वेच्या अत्यंत कठीण बाजूने चढले आणि शिखराजवळच्या खडकावर कडाक्याच्या थंडीत त्यांनी रात्र काढली. हेच पुढे १९२२ मध्ये पोप अकरावे पायस झाले. गिर्यारोहण म्हणजे जिवावर उदार होणे नसून तो विवेकाचा विषय आहे, असे त्यांचे मत होते. संत थॉमस अक्वायनस यांनीही भित्रेपणाप्रमाणेच अविचारी धाडसाला आणि भीतीच्या निव्वळ अभावालाही दुर्गुणांत जमा केले आहे. साधने तपासली, हवामान पाहिले, शिकून घेतले, घरी सांगून निघाले, तर कड्यावरून दोराने उतरण्यात पाप नाही. दुचाकीवरून शिरस्त्राणाशिवाय महामार्गावर जाण्यात कदाचित असेल.

पण हे झाले स्वतःपुरते. स्वतःचा धोका स्वतः पत्करणे निराळे आणि दुसऱ्याला तो पत्करायला लावणे निराळे. गटाने जाताना ही दुसरी गोष्ट पावलोपावली घडते, आणि तिच्याकडे कोणी बोट दाखवत नाही.

दोराने उतरण्याची रीत थोडी समजून घेतली पाहिजे. उतरणाऱ्याच्या कमरेला आणि मांड्यांना जाड पट्ट्यांचा हार्नेस असतो. त्याला इंग्रजी आठच्या आकड्यासारखे धातूचे एक कडे अडकवलेले असते, आणि वर पक्का बांधलेला दोर त्या कड्यातून वळवून घेतलेला असतो. दोर आणि कडे यांच्या घर्षणामुळे वेग आवरतो. उतरणाऱ्याचा खालचा हात हाच त्याचा ब्रेक. तो आवळला की माणूस थांबतो, सैल सोडला की सरकतो. याशिवाय जपून चालणाऱ्या गटात दुसराही एक दोर असतो. तो उतरणाऱ्याच्या कमरेला असतो आणि त्याचे टोक वरच्या जाणत्या सोबत्याच्या ताब्यात. हा दोर उतरणाऱ्याला खाली ओढत नाही, वरही ओढत नाही. तो थोडा ढिलाच ठेवतात. हात सुटला, भोवळ आली, तरच तो ताणला जातो. आम्हांला या दुसऱ्या दोराचे फार अप्रूप वाटते.

यातली खरी कसोटी मात्र पहिल्या पावलाची आहे. कड्याच्या काठावर पाठमोरे उभे राहून शरीराचा भार मागे, पोकळीत टाकायचा. पाय कातळाला काटकोनात टेकले तरच पकड मिळते. घाबरून कातळाला बिलगले तर पाय सटकतो. म्हणजे आजवर शरीराने जे जे शिकून घेतले, त्याच्या नेमके उलट करायचे. येथे भल्याभल्यांचे पाय थरथरतात. हरभऱ्याच्या झाडावर चढवणारे आयुष्यात पुष्कळ भेटतात. कड्यावरून उतरवणारे कसे असावेत, हा आपला विषय आहे.

आणखी एक तपशील. सर्वांत शेवटचा माणूस दुहेरी दोरावरून उतरतो, खाली आल्यावर एक टोक ओढतो, आणि सबंध दोर सळसळत खाली येऊन पडतो. त्या क्षणी मागची वाट बंद होते. नंतर कोणाला कितीही वाटले, तरी साम्रदला त्या वाटेने परतणे नाही.

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही अठरा जण या कड्यावर पोचलो, तेव्हा आमच्या आधी दुसरा एक गट तेथे होता. शनिवार-रविवारी सांदणीत गर्दी असते आणि कड्यावर रांग लागते. त्या गटातला वीस-एकवीस वर्षांचा एक मुलगा हार्नेस बांधून काठावर उभा होता आणि त्याचे पाऊल मागे पडत नव्हते. त्याचे मित्र टाळ्या वाजवत होते. “एक, दोन, तीन!” असा गजर झाला, तो हलला नाही, पुन्हा गजर झाला. कोणी मोबाइलवर चित्रण करत होते. कोणी त्याच्या घराण्याचा उद्धार केला, अर्थात थट्टेने. त्यांच्या म्होरक्याचा स्वर प्रेमळ होता. “काही होत नाही रे, डोळे मिटून जा” असे तो पुनःपुन्हा सांगत होता. मागे रांगेत आम्ही आणि आणखी एक गट उभे होतो. कोणी त्याला बोलले नाही. पण घड्याळे पाहिली जात होती, आणि त्याला ती दिसत होती. अखेर तो उतरला. खाली जयजयकार झाला.

पुढे आमचा आणि त्यांचा मुक्काम घळीच्या तळाशी जवळजवळच पडला. तो मुलगा पाणी भरायला आला असता कसे काय वाटले असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “उतरायचे नव्हते. पण परत जातो म्हणायची लाज वाटली.” त्याच्या मागून आलेला मित्र हसत म्हणाला, “आत्ता असे म्हणतो, पण जन्मभर आमचे आभार मानेल!”

मित्राचे हे म्हणणे सहज बाजूला सारण्यासारखे नाही. उलट या विषयातला सगळ्यात बळकट युक्तिवाद तोच आहे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. आमच्या पिढीतल्या कितीतरी मुलांना काकामामांनी पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलले आणि ती पोहायला शिकली. त्या वेळी त्यांची संमती घेतली असती, तर निम्मी गावे आजही कोरडी राहिली असती. आज ती माणसे काकामामांचे नाव कृतज्ञतेने घेतात. मग भरीस घालणे ही पुष्कळदा धीर देण्याचीच खडबडीत तऱ्हा नव्हे काय?

आम्हांला यात दोन ठिकाणी अडायला होते. पहिले असे, की आभार मानायला माणूस उरावा लागतो, आणि राहावा लागतो. विहिरीच्या पाण्याची धास्ती घेऊन जे पुन्हा कधी काठावर गेले नाहीत, ते आपली कथा सांगत बसत नाहीत. आपल्या कानांवर येते ती पोहणाऱ्यांची साक्ष. नंतरच्या कृतज्ञतेने आधीचा दबाव योग्य ठरतो असे मानले, तर दबाव आणणाऱ्याला निकाल लागेपर्यंत आपण बरोबर की चूक हे कळणारच नाही. आणि ज्याचे बरोबर-चूक निव्वळ निकालावर ठरते त्याला नीती नव्हे, मटका म्हणतात. दुसरे असे, की काका विहिरीत ढकलून घरी जात नसे. तो स्वतः पाण्यात असे. मुलाने गटांगळी खाल्ली तर त्याला उचलणारा हात दोन वावांवर होता. कड्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणाच्या हातात काय होते?

आणि ‘काही होत नाही’ या शब्दांचे काय? आम्हांला वाटते, सारी गोम येथेच आहे. हे वाक्य सांत्वन म्हणून बोलले जाते, पण ते विधान म्हणून खोटे आहे. कड्यावर काही ना काही होऊ शकते. वरून दगड सुटतो, केस किंवा ओढणी कड्यात अडकते, घोटा मुरगळतो. बोलणाऱ्याला हे ठाऊक असते, ऐकणाऱ्याला नसते. म्हणजे ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्यापासून, त्याच्याच भल्यासाठी म्हणून, निर्णयाचे साहित्य लपवलेले असते.

२७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटेनबाख या ओढ्याच्या घळीत ४५ जण उतरले होते. अशा घळीचा खरा शत्रू डोक्यावरचा पाऊस नसतो. वरच्या अंगाला, नजरेआड पडलेला पाऊस असतो. तेथले सगळे पाणी एका अरुंद तोंडातून एकदम येते आणि दोन्ही बाजूंच्या सरळ भिंतींमुळे पळायला जागा नसते. वादळी पावसाचा लोंढा आला आणि २१ माणसे मेली. त्यांतले १८ पर्यटक होते, बहुतेक परदेशांतून आलेले तरुण. तिघे वाटाडे होते. डिसेंबर २००१ मध्ये न्यायालयाने सहा जणांना मनुष्यवधाला कारण झालेल्या निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की वाटाडेही मेले. म्हणजे कोणी कोणाला जाणूनबुजून मृत्यूच्या दारी नेले नव्हते. नेणाऱ्यांचा विश्वास खराच होता. पण पर्यटकांनी जी संमती दिली ती कशाला दिली? आकाश कसे वाचावे, ओढा कुठून येतो, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांनी धोका पत्करला नव्हता. दुसऱ्याने केलेला धोक्याचा अंदाज पत्करला होता. गटाने डोंगरात जाणारे आपण बहुतेक जण तेच करीत असतो, आणि म्हणून नेणाऱ्याच्या शब्दाला एवढे वजन येते.

भीती आणि संमती यांचा विचार आपल्या ख्रिस्तसभेने एका निराळ्या संदर्भात फार बारकाईने केला आहे. विवाहही दोर ओढून घेण्यासारखाच, परतीची वाट न ठेवणारा निर्णय; म्हणून वेदीपुढे धर्मगुरू वधूवरांना, तुम्ही स्वखुशीने आला आहात ना, हे आधी विचारतात. १९८३ च्या धर्मसंहितेचे ११०३ वे कलम सांगते, की बळजबरीमुळे किंवा बाहेरून आलेल्या भारी भीतीमुळे, तिच्यातून सुटण्यासाठी म्हणून केलेला विवाह विवाहच नव्हे. ती भीती कोणी मुद्दाम घातलेली नसली तरीही. हे शेवटचे शब्द आम्ही कड्यावर उभे असताना आठवले नव्हते, नंतर आठवले. रांग मुद्दाम भीती घालत नाही. घड्याळ पाहणारा माणूस मुलाकडे पाहतही नसतो. तरीही त्या मुलाने कड्याच्या खोलीपेक्षा रांगेला अधिक भिऊन पाऊल टाकले. दोन भीतींतली मोठी कोणती एवढेच त्याने ठरवले. त्याला निर्णय म्हणावे काय?

आता आमच्या गटाकडे येऊ. आमच्यात पन्नाशीच्या एक शिक्षिका होत्या. सारी मुले त्यांना टीचर म्हणत. बाईंनी धोंडे आणि पाणी आनंदाने पार केले होते. काठावर येऊन खाली पाहिल्यावर त्या गप्प झाल्या. आमच्या म्होरक्याने प्रथम बाकीच्यांना वीस पावले मागे पाठवले आणि मागच्या गटाला पुढे जाऊ दिले. रांग संपली. मग तो त्यांच्या शेजारी दगडावर बसला. तो काय म्हणाला ते आम्हांला जवळ असल्यामुळे ऐकू आले.

“टीचर, दोर मी स्वतः बांधलाय, तो धरेल. दुसरा दोर माझ्या हातात असेल. पण पाय सटकून गुडघा आपटू शकतो, वरून खडा येऊ शकतो. याच्याखाली आणखी कडे आहेत आणि मग दोन-तीन तास असेच धोंडे. हा दोर ओढला की मागे जाता येणार नाही. परत जायचे तर आत्ता.”

“मी परत गेले तर तुमचा सगळ्यांचा खोळंबा होईल.”

“तो आम्ही पाहू. तुम्ही तुमचे सांगा.”

बाई पाच-सात मिनिटे बसल्या. मग म्हणाल्या, “मी परत जाते.”

त्या उतरल्या असत्या तर हा लेख वाचायला अधिक गोड झाला असता, हे आम्ही जाणतो. त्या उतरू शकल्या असत्या असेही आमच्यातल्या अनेकांचे मत होते, आणि ते खरेही असेल. माणसाला आपल्या मर्यादेपलीकडे नेणे ही मोठीच देणगी आहे, आणि ती म्होरक्याने त्या दिवशी बाईंना दिली नाही असा आक्षेप कोणी घेतला, तर त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. खरे सांगून, वाट मोकळी ठेवून, शेजारी बसून विचारल्यावर जी माणसे मागे फिरतात, त्यांतली काही थोड्या रेट्याने पुढे गेली असती आणि सुखी झाली असती. हा तोटा खरा आहे. तो सोसायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तो नाहीच असे म्हणू नये.

मात्र परतीची वाट मोकळी ठेवणे म्हणजे केवळ ‘तुम्ही परत जाऊ शकता’ असे म्हणणे नव्हे, हे आम्हांला तेथे कळले. मागे तेच धोंडे होते, तेच गार पाणी होते, आणि ऊन कलायला लागले होते. एकटीने ते पार करणे शक्य नव्हते. आमच्या सोबत साम्रदचे दोन वाटाडे होते. पुढची वाट अवघड, तेव्हा एकच मागे जाऊ शकत होता. पण पाण्यातून, धोंड्यांवरून हात द्यायला आणखी एक तरी हवा होता. म्हणजे कोणीतरी आपले उतरणे सोडायला हवे होते. सोबत येणारा कोणी नसेल तर परतीचे स्वातंत्र्य कागदावरचे राहते, आणि माणूस पुन्हा लाजेकाजेने कड्यावरच येतो. म्होरक्याने आदल्या रात्री साम्रदला जेवताना सर्वांदेखत विचारून ठेवले होते, की कोणाला परत फिरावे लागले तर सोबत कोण जाईल. तेव्हा एका मुलाने हात वर केला होता. आमच्यात दोराचे सर्वाधिक वेड त्यालाच. पगारातून पैसे साठवून त्याने स्वतःचा नवा हार्नेस घेतला होता आणि तो प्रथमच वापरायचा होता.

त्याने तो सोडला, गुंडाळून पिशवीत ठेवला, आणि बाईंची पाठपिशवी आपल्या पोटावर घेतली. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. ते तिघे वळणाआड गेल्यावर आम्ही एकेक करून उतरलो, आणि शेवटी दोर ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही डेहण्याहून जीपने आसनगाव स्थानकावर आलो. ती दोघे साम्रदहून घोटीमार्गे मोठा वळसा घेऊन आमच्या आधीच पोचली होती. टीचरनी सगळ्यांसाठी वडापाव घेऊन ठेवले होते. त्या मुलाने प्रथम शेवटच्या कड्याविषयी विचारले : किती फुटांचा, पाय टेकायला कातळ आहे की नुसते लोंबकळत यावे लागते, दोर कशाला बांधला होता. आमच्यातल्या दोघातिघांनी फलाटावर बसून त्याला ते खडूने काढून दाखवायला घेतले, आणि त्या नादात मुंबईकडे जाणारी एक गाडी आमच्या समोरून निघून गेली.